भोवरा डोळ्याच्या वर

माझ्या डोक्यात दोन भोवरे आहेत हे मला मोठ्या मायनं सांगितलं. मी सहा-सात वर्षांची असेन, ती मला ओट्यावर दोन गुडघ्यांत धरून उवा काढत होती आणि एकदम थांबली, अंगठा टाळूच्या मागं दोनदा फिरवला आणि आईला हाक मारून म्हणाली, "अगं, हिला जोड भोवरा हाय." आईचा चेहरा उतरला ते मला अजून आठवतं, कारण आमच्याकडं जोड भोवरा म्हणजे दोन लग्नं, पोराला असला तर लोक हसून सोडून देतात पण पोरीला असला की बाया गप होतात. मोठी माय मात्र म्हणाली, "कायबी होत न्हाई, केस दाट येतेत असल्या पोरींचे," आणि परत कामाला लागली. लग्न एकच झालं माझं, एकोणीस वर्षं झाली आता.

हे आत्ता आठवायचं कारण म्हणजे भावाचा पोरगा. तो उदगीरला पशुवैद्यकीय कॉलेजात शिकतो, दिवाळीला आम्ही सगळे गावी जमलो तेव्हा तो मोबाईलवर मोठ्या मायला परदेशातल्या गायींचे फोटो दाखवत बसला होता. तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, त्यामुळं मोबाईल पार नाकाजवळ धरून बघते. होल्स्टीन बघितली, जर्सी तर तिला माहितीच आहे, आणि मग एक लाल अंगाची, पांढऱ्या तोंडाची, कपाळावर मेंढीसारखे कुरळे केस असलेली कालवड आली. हेरफर्ड. इंग्लंडात वेल्सच्या सीमेला लागून हेरफर्डशायर म्हणून भाग आहे तिथली ही जात, दुधासाठी नाही, मांसासाठी वाढवलेली, तिची वंशावळीची वही १८४६ पासून छापली जाते आणि १८१७ मध्ये हेन्री क्ले नावाच्या अमेरिकन पुढाऱ्यानं ती पहिल्यांदा केंटकीत नेली, तिथून मग सगळीकडं पसरली. तोंडाचा पांढरा रंग एवढा जोरकस की काळ्या गायीला हेरफर्ड वळू दाखवला तरी वासराचं तोंड पांढरंच येतं. हे सगळं तो सांगत होता आणि मोठी माय फोटो बघत होती.

पहिलं काय विचारलं तर, "शिंगं कुठं गेली हिची?" त्यानं सांगितलं की ही बिनशिंगाची, हेरफर्डात शिंगाची पण असते, पण अमेरिकेत आयोवामध्ये वॉरन गॅमन नावाच्या माणसानं १९०१ च्या सुमाराला कळपाकळपातून जन्मतःच बिनशिंगाची निघालेली हेरफर्ड जनावरं शोधून गोळा केली आणि त्यातून ही वेगळी ओळ उभी केली. मोठी माय जरा वेळ गप राहिली. मग म्हणाली, "मग पोळ्याला हिंगूळ कुठं लावतेत?"

आणि दुसरं बोलली ते ऐकून पोरगा मोबाईल खाली ठेवून तिच्याकडं बघायलाच लागला. "हिच्या डोळ्याला काजळ न्हाई रे. ऊन बाधंल हिला."

काजळ म्हणजे डोळ्याभोवतीची काळी कातडी. आमच्या भागातली लाल कंधारी गाय ज्यांनी जवळून बघितलीय त्यांना मी काय म्हणते ते कळेल, अंग तांबडं पण डोळ्याच्या कडा अशा काळ्या की कुणीतरी बोटानं काजळ घातलंय असं वाटतं. देवणी ही आमच्याकडची दुसरी जात, तिचं अंग पांढरं असलं तरी कातडी काळसर असते. आणि हेरफर्डचं खरंच तेच दुखणं आहे, पापण्यांना रंग नसलेल्या गायींना कडक उन्हाच्या मुलखात डोळ्याचा कॅन्सर होतो, पापणीवर नाहीतर बुबुळाच्या कडेला छोटा पांढरट चट्टा येतो आणि वाढत जातो, त्यामुळं तिकडचे चांगले पाळणारे कालवड ठेवताना डोळ्याभोवती लाल रंगाचं कडं आहे का बघतात. ते कडं आईबापाकडून येतं, म्हणून रंगीत पापणीचा वळू मुद्दाम शोधतात. पोरगा म्हणाला, "मोठी माय, हे आम्हाला पुस्तकात आहे." तिला त्याचं काही विशेष वाटलं नाही. साठ-पासष्ट वर्षं गुरांची तोंडं बघितलेल्या बाईला ते दिसणारच होतं.

त्या रात्री झोप येईना. मला मैना आठवायला लागली.

मैना आमची देवणी कालवड. देवणीत तीन प्रकार सांगतात, वानेरा, बाळंक्या आणि शेवरा, त्यातली ती वानेरी, अंग पांढरंशुभ्र आणि तोंडाच्या दोन्ही बाजू काळ्या. किल्लारीचा भूकंप १९९३ चा, त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट, मी आठवीत होते. मैना दिसायला इतकी देखणी की रस्त्यानं जाणारे थांबून बघायचे, पण भेदरट. बादली वाजली की उडायची, नवं माणूस गोठ्यात आलं की दाव्याला हिसका मारून मागं सरकायची, आणि एकदा आबा पावसातनं आले नि गोठ्याच्या दारातच छत्री मिटली, तर हिनं अशी उडी घेतली की खुंट्यासकट बाहेर. आबा पडले, मनगट मुडपलं. त्यांनी तिथंच ठरवलं की ही घरात ठेवायची नाही.

हाळीच्या बाजारात नेली. मी हट्टानं गेले होते सोबत. ज्यांनी हाळी-हंडरगुळीचा बाजार बघितला नाही त्यांना कसं सांगावं, सकाळच्या धुरळ्यात नुसती पांढरी-काळी-तांबडी पाठ आणि पाठ, आणि रुमालाखाली हात घालून बोटांवर चाललेला भाव, तोंडानं कुणी आकडा बोलत नाही. एक व्यापारी आला, मैनेचं तोंड बघितलं, दात बघितले, शेपूट ओढून बघितली, आणि मग हात पाठीवरून फिरवत नेला तो वशिंडाच्या मागं थांबला. तिथं एका अंगाला छोटा भोवरा होता. त्यानं मान हलवली, दोघातिघांना बोलावून दाखवला. "मालकाला खातो हा भोवरा," एवढंच म्हणाला. झालं, मग जो आला तो आधी पाठ बघायचा. दुपारपर्यंत भाव निम्म्यावर आला आणि शेवटी त्याच पहिल्या माणसानं तिला नेलं, हे लक्षात घ्या, ज्यानं भोवरा वाईट ठरवला त्यानंच. आबांनी पैसे मोजून घेतले. मैना जाताना मागं बघत नव्हती, ती समोरच्या गर्दीला इतकी घाबरली होती की तिला बाकी कशाचं भानच नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं.

घरी आल्यावर मोठी माय आबांना म्हणाली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "पाठीच्या भोवऱ्यानं काय केलतं वो? तिचा कपाळाचा भोवरा वर होता. डोळ्याच्या वर. ती भेवकी होती एवढंच. मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं, छत्री घेऊन जाऊ नका म्हणून." तिला कुणी विचारलं नव्हतं. शेण काढायचं, धार काढायची, वासराला चिक पाजायचं, गोचीड वेचायचे हे सगळं बाईनं करायचं आणि जनावर घ्यायचं-विकायचं ठरलं की पुरुष बाजारात जाऊन कपाळ वाचणार, आमच्याकडं तरी असंच होतं आणि अजून फार बदललंय असं मला वाटत नाही.

दिवाळीत मी भाच्याला ही गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "आत्या, थांब," आणि त्यानं टेम्पल ग्रँडिन या बाईंबद्दल सांगितलं. अमेरिकेत कोलोरॅडोच्या विद्यापीठात त्या प्राध्यापक, स्वतः ऑटिस्टिक आहेत, लहानपणी उशिरा बोलायला लागल्या, आणि गुरांना कशाची भीती वाटते हे त्यांच्याइतकं बारकाईनं फार कमी लोकांनी बघितलंय. गुरं खोड्यात, म्हणजे जनावर पकडून धरायच्या चौकटीत, जाताना का अडतात हे बघायला त्या स्वतः गुरांच्या वाटेनं चालत गेल्या, गुरांच्या डोळ्याच्या उंचीवर वाकून, आणि त्यांना दिसलं की कुंपणावर वाळत घातलेला कोट, जमिनीवरची सावली, लोंबकळणारी साखळी, असल्या माणसाच्या लक्षातही न येणाऱ्या गोष्टींनी जनावर जागीच थांबतं. तर या बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९५ मध्ये एक अभ्यास छापला. खोड्यात धरलेल्या गुरांच्या कपाळावरचा भोवरा कुठं आहे ते बघायचं, दोन्ही डोळ्यांच्या वरून एक रेघ आहे असं धरायचं, खालून एक धरायची, भोवरा वरच्या रेघेच्या वर आहे, मध्ये आहे का खाली आहे, आणि ते जनावर धरल्यावर किती धडपडतं याची नोंद करायची. ज्यांचा भोवरा डोळ्यांच्या वर होता ती जास्त धडपडली. नंतर लिलावाच्या रिंगणात पण असंच बघितलं.

मी दोन मिनिटं काही बोलले नाही. आतल्या खोलीत मोठी माय झोपली होती, तिला हे उठवून सांगावं असं वाटत होतं.

कारण काय असेल याचा अंदाज असा लावतात की गर्भात कातडी आणि मेंदू दोन्ही एकाच थरातून तयार होतात, बाहेरच्या थरातून, आणि केसांची दिशा त्याच दिवसांत ठरते ज्या दिवसांत मेंदूची घडण चालू असते. म्हणजे भोवरा जनावराला भेकड करत नाही, दोन्ही एकाच सुताचे दोन पदर, एक वर दिसतो. पण हे सगळ्या जातींत सारखं दिसत नाही, दुधाच्या गायींत काही ठिकाणी हा संबंध धड सापडलाच नाही, आणि हे मला सांगायलाच पाहिजे कारण नाहीतर आपण परत त्या बाजारातल्या माणसासारखंच करणार, पाठीवरच्या भोवऱ्याऐवजी कपाळावरचा धरून भाव पाडणार.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गल्लीतल्या गोठ्यांतनं फिरलो, पंधरा-सोळा जनावरं बघितली असतील. त्यातनं काही सिद्ध होत नाही हे कबूल. एका घरी दोन गोऱ्हे, सख्खे भाऊ, एकाचा भोवरा दोन डोळ्यांच्या बरोबर मध्ये आणि तो हातातनं गूळ खाणारा, दुसऱ्याचा वर आणि त्यानं आम्हाला दारात बघितल्याबरोबर कान टवकारले, नाकातनं फूं केलं. मला वाटलं बघा, खरंच की. आणि पुढच्याच घरी एक म्हातारा बैल, भोवरा पार शिंगांच्या बुडाजवळ, म्हणजे हिशोबानं हा तर उधळलेलाच असायला पाहिजे, तर त्याच्या पुढच्या दोन पायांच्या मधे घरातली तीन वर्षांची पोरगी बसून दगडांनी खेळत होती आणि तो रवंथ करत होता, शेपूटसुद्धा जपून हलवत होता. मालकीण म्हणाली, वासरू होता तेव्हापासनं पोरांच्या गराड्यात वाढलाय. म्हणजे हातांनी केलेलं कामही कमी नाही. भोवरा वर असलेल्या वासराला पहिल्या काही महिन्यांत कसं वागवलं यावर खूप काही ठरत असणार, मैनेला आमच्याकडं तसा वेळ कुणी दिला होता का, तर नाही, त्या वर्षी घरात भूकंपानंतरच्या दुरुस्त्या चालल्या होत्या, दिवसभर पत्रे आणि हातोडे वाजत होते आणि ती त्याच्या शेजारी बांधलेली.

केसांबद्दल अजून एक सांगायचंय, कारण ते आपल्या मुलखाच्या जास्त कामाचं आहे. दक्षिण आफ्रिकेत यान बोन्स्मा नावाचे शास्त्रज्ञ होते, त्यांनी १९३७ पासून मारा नावाच्या संशोधन केंद्रावर तिथली आफ्रिकानर गुरं आणि इंग्लंडची हेरफर्ड, शॉर्टहॉर्न यांचा संकर करत करत बोन्स्मारा ही जात केली, उन्हात टिकणारी. त्यांचं म्हणणं होतं की गरम मुलखात जनावर निवडायचं तर आधी त्याच्या केसांना हात लावा. आखूड, गुळगुळीत, चकाकणारा केस असेल ते टिकेल, लोकरीसारखा असेल ते धापा टाकेल. ते काय करायचे तर जनावराचे थोडे केस घेऊन ओले करून तळहातांत चोळायचे, लोकरीसारखे असले तर त्याची गोळी होते, चांगला सरळ केस असेल तर गोळी होत नाही, सुटतो. अमेरिकेतल्या गरम राज्यांत पण आता गायींना १ ते ५ आकडे देतात, हिवाळ्याचे केस उन्हाळ्याआधी किती गळाले यावर, १ म्हणजे पूर्ण गळून गुळगुळीत झालेली, आणि जी उशिरापर्यंत केस धरून ठेवते ती कालवड पुढं ठेवताना लोक विचार करतात.

आपल्या देवणी-कंधारीला हे जन्मतःच मिळालंय. मे महिन्यात आमच्याकडं पारा बेचाळीसच्या वर गेला की शेजारची संकरित जर्सी जीभ बाहेर काढून, मान लांब करून धापा टाकते, तिच्यावर ओलं पोतं टाकावं लागतं, आणि पलीकडं लाल कंधारी लिंबाच्या अर्ध्या सावलीत उभी राहून कडबा खात असते. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तो उन्हाळा आठवा. पोतं ओलं करायलासुद्धा पाणी नव्हतं. त्या उन्हाळ्यात ज्यांच्याकडं अंगावर दाट केसांची जनावरं होती त्यांचे हाल मी बघितलेत, एका ओळखीच्या घरी तर गायीच्या पाठीवरचे केस कात्रीनं कापून काढले होते, बाई रात्री बसून कापत होती आणि गाय उभी होती, तिला कळत असावं.

आणि केस आजारपण सांगतात ते वेगळंच. चकाकी गेली, केस उभे राहिले की मोठी माय म्हणते "आतून काहीतरी हाय," आणि बऱ्याचदा जंत निघतात. अंगात तांबं कमी पडलं तर काळे केस विटून तांबूस होतात, डोळ्याभोवती चष्मा घातल्यासारखं फिकट कडं येतं. २०२२ ला लम्पी आला तेव्हा पहिली गाठ डोळ्याला दिसत नव्हती, मानेवर रुपयाएवढ्या जागेत केस ताठ उभे राहिलेले दिसायचे आणि हात लावला की खाली कडक लागायचं. आमच्या गोठ्यात ते मोठ्या मायच्या बोटांना आधी लागलं. तिला दिसत नव्हतं तेव्हा धड. तिनं रोजच्यासारखा मानेखालून हात फिरवला, एका जागी थांबवला, परत मागं आणला, आणि आण्णांना म्हणाली डॉक्टरला बोलव. त्याच दुपारी ती गाय वेगळी बांधली, बाकीची वाचली.

डोक्याच्या ठेवणीचं पण आहे. हेरफर्डवाले म्हणतात कालवडीचं डोकं बाईसारखं पाहिजे, नाजूक, नाकाडाकडं निमुळतं, मान सडपातळ, वळूसारखं जाड कपाळ आणि आखूड भरलेली मान नको, तसली कालवड गाभण राहायला त्रास देते. ह्यात किती तथ्य यावर जाणत्यांतही वाद आहेत. पण एका बाबतीत मी डोळ्यानं बघितलंय. मावशीच्या गायीला जुळं झालं, एक गोऱ्हा, एक कालवड, सगळ्यांनी पेढे वाटले. कालवड वाढली तशी तिचं तोंड गोऱ्ह्यासारखं रुंद व्हायला लागलं, मान भरली, कासेला सड बारीक राहिले. दोन वर्षं मावशीनं वाट बघितली, ती माजावर आलीच नाही. डॉक्टरांनी सांगितलं की पोटात असताना दोघांचं रक्त एकमेकांत मिसळतं, गोऱ्ह्याकडनं येणाऱ्या गोष्टींनी कालवडीची गर्भपिशवी नीट वाढत नाही, अशा शंभर कालवडींतल्या नव्वदहून जास्त वांझ राहतात. मावशीनं तिला विकली नाही. सासूनं लई बोलून दाखवलं, वांझ जनावर दाराशी ठेवू नये म्हणून, आणि मावशीला स्वतःला लग्नानंतर नऊ वर्षं मूल नव्हतं, त्यामुळं ते बोलणं कालवडीला होतं का कुणाला हे घरात सगळ्यांना कळत होतं. ती गाय मावशीच्या दारात मेली, म्हातारी होऊन.

पोरगी बघायला येतात तेव्हा चालून दाखव म्हणतात, केस सोडून दाखव म्हणतात, हे मी भोगलंय. माझ्या जोड भोवऱ्याचं आईनं कधी कुठं बोलू दिलं नाही, पाहुणे यायच्या आधी ती माझी वेणी इतकी ताणून घालायची की कपाळ दुखायचं. म्हणून मला मैनेच्या पाठीवर थांबलेला तो हात अजून विसरता येत नाही. मोठ्या मायचा हात पण तिथनंच फिरत होता रोज.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, परत गावी गेले तर गोठ्यात नवी कालवड, बारा दिवसांची, वानेरी, गाल काळे. भाचा पण आला होता. मोठ्या मायला धरून गोठ्यात नेलं, तिनं बाजेच्या कडेला बसून वासराचं तोंड मांडीवर घेतलं, वासरू आधी ताठलं, मग तिच्या पदराला चाटायला लागलं. तिनं अंगठा नाकाडापासून वर न्यायला सुरुवात केली, हळू, केसांच्या उलट दिशेनं, दोन डोळ्यांच्या मधनं गेली, तिथं काही नव्हतं, आणखी वर गेली आणि थांबली. अंगठा तिथंच गोल फिरवला.

"वर हाय गं," मला म्हणाली. "हिच्यासमोर कुणी छत्री उघडू नका."

आण्णांनी कालच हौसेनं वासराच्या गळ्यात घुंगरू बांधलं होतं, ते मान हलवली की वाजायचं आणि वाजलं की वासरू दचकायचं. मोठ्या मायनं चाचपून गाठ शोधली, तिला सुटेना, मी सोडली. घुंगरू तिनं पदरात घट्ट धरलं, आवाज होऊ नये म्हणून, आणि मग भाच्याला म्हणाली, "रोज येऊन बस रे हिच्याजवळ. काय करू नको, नुसतं बस."